वारशाने आलेला चिनी हस्तिदंती पंखा: नाशिकमधील एक प्रकरण

संबंधित कुटुंब ओळखू येईल असे तपशील येथे दिलेले नाहीत.

पार्श्वभूमी

जुन्या नाशकातला दोन चौकी वाडा. घरातले थोरले गृहस्थ जुलैच्या मध्यात वारले. मागे चार वारस: दोन मुलगे, एक विवाहित मुलगी आणि न्यू जर्सीला स्थायिक झालेला दिवंगत तिसऱ्या मुलाचा मुलगा. ऑगस्टअखेर सामानाची यादी करताना भिंतीतल्या कपाटात एक लांबट काळा डबा सापडला. रोगण चढवलेला, सोनेरी नक्षीचा, आतून लाल मखमल लावलेला. त्यात घडीचा चिनी हातपंखा होता.

घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जायचे की खापरपणजोबा वकील होते आणि हा पंखा त्यांना एका पारशी अशिलाने दिला. हे तोंडी. कागदावर मात्र पक्का पुरावा निघाला. १९५४ च्या वाटणीपत्राच्या यादीत भांडी, समया, चांदीची उपकरणी यांच्या ओळीत ‘चिनी हस्तिदंती पंखा, डब्यासह, नग १’ अशी नोंद होती. पुढे साऱ्या प्रकरणाला आधार मिळाला तो या एका ओळीचा. पारशी अशिलाची कथा खरी असण्यासारखी आहे, कारण एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांचे दक्षिण चीनमधल्या कॅन्टन बंदराशी (आजचे ग्वांगझू) दाट संबंध होते आणि चिनी भरतकामाच्या गारा साड्यांसारखा माल त्याच वाटेने येई. पण सरकारी अर्जात कथा आणि कागद वेगवेगळे लिहावे लागतात, आणि तसेच लिहिले गेले.

वस्तू नेमकी काय होती

पंख्याची लांबी २८ सेंटिमीटर. आत १४ काड्या, कडेला दोन जाड पट्ट्या. काड्यांच्या खालच्या, उघड्या भागावर जाळीदार कोरीव काम: मंडप, झाडे, होड्या, माणसे. कडेच्या पट्ट्यांवर खोल उठावाचे काम, मागची बाजू सपाट. वरचे पान दुहेरी कागदाचे, दोन्ही बाजूंनी रंगवलेले. पानावर दरबाराचे देखावे आणि त्यांत दाटीने उभी माणसे. या माणसांचे कपडे रंगवलेले नसून रेशमाचे तुकडे कापून चिकटवलेले आहेत, आणि प्रत्येक चेहरा म्हणजे हस्तिदंताची ४-५ मिलिमीटरची पातळ चकती, तिच्यावर जलरंगाने डोळे, भुवया, ओठ. समोरच्या बाजूला ३८ चेहऱ्यांच्या जागा मोजल्या. त्यांतले ७ चेहरे गळून गेलेले, ५ हलत होते.

अशा पंख्यांना संग्राहक मँडरिन पंखे म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कॅन्टनच्या कारखान्यांत ते पाश्चात्त्य गिऱ्हाइकांसाठी बनत. १७५७ ते १८४२ पर्यंत पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये तेवढे एकच बंदर खुले होते, आणि पुढेही निर्यातीच्या मालाची कारागिरी तिथेच टिकून राहिली. काड्या कधी चंदनाच्या, कधी शिंपल्याच्या, कधी कासवाच्या पाठीच्या, कधी रोगण चढवलेल्या लाकडाच्या असतात. या पंख्यात सगळ्या हस्तिदंताच्याच होत्या. कासवाच्या पाठीची एखादी काडी असती तर कागदपत्रांचे काम आणखी वाढले असते, म्हणून प्रत्येक काडी वेगळी तपासणे गरजेचे होते.

हस्तिदंतच आहे हे कसे ठरवले, यावर थोडे थांबायला हवे. पहिल्या आठवड्यात घरी आलेल्या एका ओळखीच्या सराफाने तापवलेली सुई टोचून बघू असे सुचवले होते. थोरल्या सुनेने नको म्हटले आणि ते बरे झाले. सुईचा डाग कायमचा राहतो, आणि वस्तू सेल्युलॉइडची निघाली तर ती भडकन पेटू शकते. त्याऐवजी दहापट भिंगाने कडेच्या पट्टीचा खालचा, आडवा कापलेला भाग पाहिला. तिथे एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानी दिसल्या. या श्रेगर रेषा फक्त हत्तीच्या आणि नामशेष झालेल्या मॅमथच्या सुळ्यात असतात. हाडावर त्याऐवजी बारीक काळपट ठिपके आणि रेघा दिसतात, कारण त्यात रक्तवाहिन्यांच्या नळ्या असतात. सेल्युलॉइडमध्ये समांतर पट्टे फार नियमित असतात. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली काड्या निळसर पांढऱ्या उजळल्या. एका काडीच्या सांध्यावर वेगळ्याच रंगाचा ठिपका दिसला. तो जुन्या दुरुस्तीचा गोंद होता, साध्या उजेडात तो दिसत नव्हता.

‘हा मॅमथचा आहे असे लिहून द्या, म्हणजे कायद्याची कटकट नाही,’ असा सल्लाही कुटुंबाला मिळाला. हत्तीच्या सुळ्यात बाहेरच्या थरातल्या श्रेगर रेषांचा कोन साधारण ११५ अंशांहून मोठा आणि मॅमथच्या ९० अंशांहून लहान असतो, हे खरे. पण तो कोन सुळ्याच्या आडव्या कापावर आणि बाहेरच्या थरातच मोजायचा असतो. पंख्याच्या काड्या सुळ्याच्या लांबीच्या दिशेने कापलेल्या असतात. पट्टीचा चार मिलिमीटरचा तुकडा सुळ्याच्या कोणत्या थरातला हे कळायला मार्ग नसतो, आणि गाभ्याजवळ तो कोन हत्तीतही लहानच असतो. म्हणजे असे लिहून देणे हे पुराव्याशिवाय केलेले विधान ठरले असते, तेही शासनासमोर.

अडचण कशी वाढली

डबा सापडला तेव्हा पंखा अर्धवट उघडा अडकलेला होता. कपाट बाहेरच्या भिंतीत, भिंत पावसाळाभर ओली. कागदाला ओलीचा वास आणि कसरीने कुरतडलेली भोके. काड्या तळाशी जोडणाऱ्या खिळ्याभोवती हिरवी बुरशी वाटावी असा थर होता. ती बुरशी नसून पितळेचा गंज होता. मखमलीचा लाल रंग ओलीने सुटून मागच्या पट्टीच्या सपाट बाजूला लागला होता. हस्तिदंत सूक्ष्म छिद्रांचे असते, रंग त्यात शिरला की बाहेर निघत नाही.

इथवर हानी जुनी आणि स्थिर होती. नवी हानी सप्टेंबरच्या शेवटी झाली. पाऊस उघडला, लख्ख ऊन पडले आणि काकूंनी गोधड्या, जुनी पैठणी यांच्यासोबत पंखाही गच्चीवर नेला. ओल खाल्लेल्या वस्तूला ऊन दाखवायचे, हे आपल्याकडच्या घरांचे वर्षाचे काम आहे आणि कापडाला, धान्याला ते योग्यही आहे. हस्तिदंताला ते घातक. दोन तासांनी समोरची कडेची पट्टी धनुष्यासारखी वाकली, मध्यभागी सुमारे ६ मिलिमीटर, आणि वरच्या टोकाकडून रेषेच्या दिशेने ३१ मिलिमीटर लांब तडा गेला. तीन चेहऱ्यांच्या कडा उचलल्या गेल्या.

कारण सरळ आहे. हस्तिदंत हवेतला ओलावा घेते आणि सोडते, पण सगळ्या दिशांना सारखे फुगत-आकसत नाही. लांबीत फरक नगण्य, रुंदीत बराच. शिवाय त्या पट्टीची एक बाजू खोल कोरलेली, म्हणजे हवेला मिळणारा पृष्ठभाग जास्त. दुसरी सपाट आणि फरशीला टेकलेली. वरची बाजू भराभर सुकून आकसली, खालची ओलीच राहिली. पट्टी वाकली आणि जिथे वाकता आले नाही तिथे फाटली. चेहऱ्यांचे तसेच: अर्ध्या मिलिमीटरहून पातळ चकती, तिच्या मागे खळ, खाली रेशीम. तिन्ही वेगवेगळ्या वेगाने सुकतात आणि चकतीची कड उचलली जाते.

त्याच आठवड्यात दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि तो जास्त गंभीर होता. न्यू जर्सीच्या पुतण्याने पंख्याचे फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून ‘काय किंमत येईल?’ असे विचारले. कुणीतरी ते जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर पुढे पाठवले आणि दोन दिवसांत दोन अनोळखी लोकांचे फोन आले.

कायद्याची चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा इथला मूळ कायदा. १९७७ मध्ये हत्ती त्याच्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत गेला. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही. त्यामुळे ‘हा दात चीनमधून आला, म्हणजे बहुधा आफ्रिकी असेल’ या तर्काने सुटका होत नाही. वस्तू दीडशे वर्षांची आहे यानेही होत नाही. या कायद्यात जुन्या वस्तूंना विक्रीसाठी वेगळी सूट नाही.

वारसांसाठी महत्त्वाची तरतूद कलम ४० मध्ये आहे. मालकी प्रमाणपत्र नसलेल्या व्यक्तीला अशी वस्तू नव्याने मिळवता किंवा ताब्यात ठेवता येत नाही, अपवाद फक्त वारसाहक्काचा. आणि वारशाने आली तर ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा अधिकृत अधिकारी यांच्याकडे लेखी घोषणा करावी लागते. मग चौकशी होते आणि प्रमाणपत्राचा निर्णय होतो. प्रमाणपत्र मिळाले तरी विक्री किंवा मोबदला घेऊन हस्तांतर करता येत नाही, विक्रीला काढणेसुद्धा नाही. अनुसूची एकमधल्या प्राण्याच्या बाबतीत गुन्ह्याला किमान ३ ते कमाल ७ वर्षे कैद आहे.

जुनी, न नोंदवलेली वस्तू जाहीर करण्यासाठी २००३ मध्ये १८० दिवसांची खास मुदत दिली गेली होती. या घरात ती कुणाला माहीतच नव्हती. वडिलांच्या नावे कोणतेही प्रमाणपत्र नव्हते.

पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ हाही लागू होतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

कोणते पर्याय तोलले

विक्रीचा पर्याय वरच्या तरतुदींनी आपोआप गळाला. तरीही त्यावर दोन दिवस गेले, कारण परदेशी लिलावांतले आकडे मोबाइलवर दिसत होते. त्या आकड्यांचा नाशिकमधल्या वस्तूशी काही संबंध नाही, हे घरातल्या सर्वांना समजावून सांगणे हे पहिले खरे काम होते. या पंख्याची बाजारात किंमत शून्य धरूनच वाटणी करायची, असे वकिलांनी लिहून घेतले. भाऊबंदकीतले निम्मे वाद तिथे मिटले.

पुतण्याची सूचना होती की डिसेंबरमध्ये येईन तेव्हा बॅगेत घालून नेतो, आजोबांची आठवण म्हणून. भावना खरी होती. पण त्यात एकाच वेळी तीन नियम मोडले गेले असते: वन्यजीव कायदा, पुरावशेष कायदा आणि धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा साइट्स करार. आशियाई हत्ती १९७५ पासून त्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आफ्रिकी हत्तीही १९८९ च्या निर्णयाने तिथे गेला. विमानतळावर पंखा जप्त झाला असता आणि बॅग त्याची असल्याने गुन्हा त्याच्यावर नोंदला गेला असता.

गप्प राहण्याचा पर्याय कुणी मोठ्याने बोलून दाखवला नाही, पण तो सर्वांच्या मनात होता. इतकी वर्षे कुणी विचारले नाही, आता कोण विचारणार? याविरुद्ध दोन गोष्टी होत्या. फोटो आता बाहेर फिरत होते. आणि न जाहीर केलेल्या वस्तूची उघडपणे दुरुस्ती करता येत नाही: जुन्या वस्तू जपण्या-दुरुस्तीचे काम करणारा कोणताही जबाबदार संवर्धक तिला हात लावत नाही, संग्रहालय ती दान म्हणून घेण्याचा विचारही करत नाही. गप्प राहणे म्हणजे पंखा त्याच ओल्या कपाटात परत ठेवणे.

राहिले दोन मार्ग: मुदतीत घोषणा करून वस्तू घरी राखणे, किंवा घोषणा करून पुढे सार्वजनिक संग्रहालयाकडे सोपवणे. पहिले पाऊल दोन्हींत एकच असल्याने निर्णय सोपा झाला. मुदत संपायला तेव्हा तीन आठवडेही उरले नव्हते.

दुरुस्तीसाठी घरी-दारी सुचवलेले उपायही नोंदवून ठेवण्यासारखे आहेत, कारण ते प्रत्येक घरात सुचवले जातात. खोबरेल तेल चोळणे: तेल छिद्रांत शिरते, वर्षा-दोन वर्षांत पिवळे-तपकिरी होते आणि धूळ धरते. रिठ्याच्या पाण्यात बुडवणे: पान विरघळते, चेहरे सुटतात. टूथपेस्ट: जाळीकामाच्या कडा घासून बोथट होतात आणि पांढरी पूड खाचांत कायमची बसते. हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरा करणे: पृष्ठभाग खडूसारखा भुसभुशीत होतो. पिवळेपणा हा मळ नसतो, तो वयाचा रंग असतो आणि अंधारात ठेवलेल्या हस्तिदंताला तो येतोच. वाकलेली पट्टी वजनाखाली सरळ करणे: तडा शेवटपर्यंत जातो.

प्रत्यक्ष कृती: कागद

फोटो ग्रुपवरून काढले गेले. पुढे पाठवणाऱ्या नातेवाइकाला सांगून तिथलेही काढले. आलेल्या फोनना ‘वस्तू विक्रीची नाही’ असे लेखी उत्तर दिले आणि ते जपून ठेवले.

घोषणा चौघांच्या वतीने एकाच्या नावे करायची ठरली. वाड्यात प्रत्यक्ष राहणारा थोरला मुलगा घोषणाकर्ता, बाकी तिघांचे ना-हरकत पत्र. पुतण्याचे पत्र परदेशातून यायचे असल्याने वेळ जाणार होता, म्हणून त्याची स्कॅन प्रत आधी जोडून मूळ प्रत मागाहून देण्याची विनंती अर्जातच केली. अर्जासोबत मृत्यू दाखला, वारसांची यादी, १९५४ च्या वाटणीपत्राची प्रत, मोजपट्टी शेजारी ठेवून घेतलेले दोन्ही बाजूंचे फोटो, मोजमापे, डब्यासह आणि डब्याविना वजन, आणि एक पानाचे वर्णन. वर्णनात तडा, वाक आणि गळालेले ७ चेहरे हे सर्व लिहिले. हानी लपवायची नाही, कारण उद्या तपासणीत हीच खूण वस्तूची ओळख पटवते.

अर्ज नाशिकच्या उपवनसंरक्षक कार्यालयात दाखल केला आणि एक प्रत नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयात पोचपावतीच्या टपालाने पाठवली. मुदत संपायला चार दिवस होते. प्रमाणपत्र मिळेपर्यंत वस्तू हलवणार नाही, असे हमीपत्र आपणहून जोडले आणि त्याच पत्रात स्थिरीकरणाच्या कामासाठी संवर्धकाला घरी बोलावण्याची परवानगी मागितली.

पंखा मुंबईला प्रयोगशाळेत न्यायचा की संवर्धकाला नाशकात आणायचे, हाही एक निर्णायक प्रश्न होता. प्रयोगशाळेत साधने जास्त असतात. पण कागद अपुरे असताना वस्तू प्रवासात असणे धोक्याचे, आणि हलत्या चेहऱ्यांचा पंखा कसारा घाटातून नेणे त्याहून. काम घरीच करायचे ठरले. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली करायची काही कामे राहून गेली, हे मान्य करूनच.

प्रत्यक्ष कृती: पंखा

वनाधिकाऱ्यांची पाहणी आणि पंचनामा होईपर्यंत दुरुस्तीला हात लावला नाही, फक्त हवा सांभाळली. झाकणाला रबरी कड असलेला मोठा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, तळाशी सिलिका जेल, वर जाळी, त्यावर पंखा, शेजारी डिजिटल आर्द्रतामापक. रबर हस्तिदंताला लागणार नाही एवढे अंतर ठेवले, कारण रबरातल्या गंधकाने डाग पडतो. बाजारातले सिलिका जेल जसेच्या तसे वापरले तर हवा अतिकोरडी होते आणि गच्चीवर झाले तेच पुन्हा होते. म्हणून जेल आधी उघड्या परातीत, ५५ टक्के आर्द्रता राखलेल्या खोलीत, वजन बदलायचे थांबेपर्यंत ठेवले आणि मगच डब्यात घातले. तीन आठवड्यांत पट्टीचा वाक ६ वरून २ मिलिमीटरवर आला. कुणीही हाताने दाब न देता.

पंचनाम्यानंतर संवर्धकाने पहिले काम केले ते नकाशाचे. पानावर पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म न टेकवता धरून प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक दिला. डब्याच्या कोपऱ्यांतून आणि मखमलीच्या शिवणीतून बारीक कुंचल्याने धूळ गोळा केली, त्यात गळालेल्या सातपैकी ४ चेहरे सापडले. डबा झटकून साफ केला असता तर ते केरात गेले असते. सापडलेली प्रत्येक चकती वेगळ्या छोट्या काचेच्या कुपीत, क्रमांकाची चिठ्ठी बाहेर.

काड्यांच्या न रंगवलेल्या भागावरची धूळ मऊ कुंचल्याने काढली. जिथे मळ घट्ट होता तिथे दातकोरणीला गुंडाळलेला कापूस डिस्टिल्ड पाण्यात बुडवून, टिपकागदावर जवळजवळ कोरडा करून, एका वेळी बोटाच्या पेराएवढा भाग पुसला आणि लगेच कोरडा केला. तड्यापासून दोन सेंटिमीटरच्या आत पाणी नाही. रंगवलेल्या कोणत्याही भागावर पाणी नाही. खिळ्याचा हिरवा गंज बांबूच्या टोकाने कोरडाच खरवडला. खिळा बदलला नाही, त्याला तेल दिले नाही.

चेहरे चिकटवायला काय वापरायचे, यावर सर्वात जास्त विचार झाला. मूळ चिकटवण खळीसारखी, पाण्यातली. तीच वापरणे प्रामाणिक वाटते, पण पातळ चकतीच्या मागे पाणी लागले की ती वाटीसारखी वळते आणि पुढचे जलरंगही धोक्यात येतात. म्हणून अॅसिटोनमध्ये विरघळवलेले पॅरालॉइड बी-७२ हे अॅक्रिलिक चिकटवण निवडले. आधी एका चेहऱ्याच्या कडेला आणि रेशमाच्या मागच्या धाग्यावर अॅसिटोनचा थेंबही नाही, फक्त ओलसर टोक लावून रंग सुटत नाही हे पाहिले. मग सुईच्या टोकाएवढा ठिपका चकतीच्या मागे, चिमट्याने जागेवर, वर सिलिकॉन कागद आणि वाळूची इवलीशी पुरचुंडी. सापडलेल्या ४ चेहऱ्यांपैकी २ च्या जागा कडांच्या आकारावरून आणि खाली राहिलेल्या खळीच्या ठशावरून नक्की झाल्या, ते बसवले. उरलेल्या २ चकत्या अंदाजाने बसवल्या नाहीत, त्या कुप्यांतच आहेत. न सापडलेल्या तिघांच्या जागी नवे चेहरे रंगवण्याची कुटुंबाची इच्छा होती. ती नाकारली गेली. नवे चेहरे हस्तिदंताचे करता येत नाहीत आणि दुसऱ्या पदार्थाचे केले तर पुढच्या पाहणाऱ्याची फसवणूक होते.

पानाच्या घड्यांवरच्या चिरा मागून पातळ जपानी कोझो कागदाच्या ५ मिलिमीटर पट्ट्या आणि दाट गव्हाच्या खळीने जोडल्या. काडीचा जुना, झटपट गोंदाने जोडलेला सांधा मुद्दाम तसाच ठेवला. तो घट्ट आहे, आणि तो सोडवायला लागणारे अॅसिटोन शेजारच्या पानापर्यंत पोचण्याचा धोका जास्त होता. कडेच्या पट्टीचा तडाही भरला नाही. ऋतूप्रमाणे तो थोडा उघडमीट करणार, भरल्यास भरण कडेला नवा तडा पाडते. लाल डागाला हात लावला नाही.

परिणाम

पंखा आता पुरता मिटवला जात नाही. घड्या सारख्या उघडमीट झाल्या तर चेहरे पुन्हा सुटतात. तो उघड्या स्थितीत, उतरत्या आधारावर ठेवला आहे. ही गोष्ट अनेक जण चुकवतात: उघडलेला पंखा सपाट नसतो. काड्या एकीवर एक बसत जातात, त्यामुळे १४ काड्यांच्या पंख्याची एक बाजू दुसरीपेक्षा सुमारे दोन सेंटिमीटर उंच राहते. सपाट पाटावर ठेवला तर सगळा ताण खिळ्यावर आणि काड्यांच्या खांद्यांवर येतो, आणि काड्या मोडतात त्या तिथेच. आधार पॉलिथिन फोमचा कापून त्यावर खळ काढून धुतलेले, न रंगवलेले मांजरपाट चढवले. काळा डबा वेगळा, पण त्याच कपाटात. कपाट आतल्या भिंतीला. डांबरगोळ्या बंद. कसर ओलीवर जगते, ओल गेली की ती टिकत नाही; खात्रीसाठी कपाटाच्या तळाशी चिकट सापळा ठेवला आहे.

कागदाच्या बाजूला: पाहणी झाली, पंचनामा झाला, वस्तू सुपूर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळण्याच्या लेखी हमीवर, घोषणाकर्त्याकडेच ठेवली गेली. प्रमाणपत्राचा अंतिम निर्णय लिहीपर्यंत झालेला नाही. वडिलांनी १९७२ नंतर कधीच घोषणा केलेली नसल्याने तो कोणत्याही बाजूने लागू शकतो, हे वकिलांनी कुटुंबाला पहिल्याच दिवशी सांगितले होते. नकार आला तर पंखा शासनाच्या परवानगीने सार्वजनिक संग्रहालयाकडे जावा, असे चौघांनी लिहून ठेवले आहे. प्रमाणपत्र मिळाले आणि पुढे ठेवणे नको झाले तर २०२२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ४२अ खाली सात कामकाजी दिवसांची सूचना देऊन तो मुख्य वन्यजीव रक्षकांकडे सोपवता येतो. मोबदला मिळत नाही.

वेगळे काय करता आले असते

डबा उघडला त्या दिवशीच फोटो आणि मोजमापे घ्यायला हवी होती. ती सप्टेंबरअखेर, तडा गेल्यावर घेतली गेली, त्यामुळे आधीच्या स्थितीचा पुरावा फक्त पुतण्याच्या मोबाइलवरचा एक तिरपा फोटो आहे.

घोषणा महिनाभर आधी करता आली असती. ९० दिवस मोजायचे ते वारसा उघडल्यापासून, वस्तू सापडल्यापासून नव्हे; डबा सापडला तेव्हा त्यातले चाळीसेक दिवस आधीच गेले होते. दिवसकार्य, वारस नोंद, बँका यांच्या गडबडीत हे कुणाच्या लक्षात येणे कठीण. म्हणून अशा वस्तूची शक्यता असलेल्या घरांत कपाटे आणि माळे पहिल्या महिन्यातच पाहून घ्यावेत.

घरी काम करण्याचा निर्णय आजही बरोबर वाटतो. पण अतिनील तपासणी आणि नकाशा पंचनाम्याच्या आधी झाला असता तर जुन्या सांध्याची आणि चेहऱ्यांची नोंद सरकारी कागदातच आली असती. ती आता पुरवणी पत्राने द्यावी लागली.

आणि एक गोष्ट कुणालाच सुचली नव्हती. पंचनाम्याच्या वेळी अधिकाऱ्यांनी विचारले, ‘घरात हस्तिदंताचे आणखी काही?’ तेव्हा आत्यांना सिन्नरच्या घरातली आजीची फणी, कुंकवाचा करंडा आणि सोंगट्यांचा संच आठवला. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत पंखा विरळा, पण फणी-करंडा अनेक ठिकाणी सापडतो, आणि कायद्यासमोर त्यांत फरक नाही. भिंगाखाली सोंगट्या हाडाच्या निघाल्या. फणी आणि करंडा हस्तिदंताचे. ते वडिलांच्याच वारशातले होते, पण पहिल्या अर्जात नव्हते. त्यांच्यासाठी विलंबाचे कारण देऊन वेगळी घोषणा दाखल केली आहे, आणि दोन्ही अर्ज एकत्र पाहावेत अशी विनंती तिच्यात आहे.